मधली सपाट रेघ

धातूच्या थकव्याच्या, म्हणजे फटीगच्या, चाचणीच्या प्रयोगशाळेतले कुठलेही एक उष्णताचित्र समोर घ्या. काळपट पार्श्वभूमी. वर आणि खाली यंत्राचे दोन जबडे, थंड म्हणून गडद. खालचा मात्र वरच्याइतका गडद नाही. दोघांच्या मध्ये धरलेली पोलादाची उभी पट्टी, कमरेशी निमुळती केलेली. कमरेचा रंग जांभळ्यातून नारिंगीकडे झुकतो आणि त्या नारिंगीत, मध्यापासून जरा खाली सरकलेला, एक पिवळसर डाग. उजव्या कडेला रंगांची पट्टी आणि तिच्यालगत अंश सेल्सियसचे आकडे. तळाच्या आणि माथ्याच्या आकड्यांत फरक फार तर चार-पाच अंशांचा. चित्र एवढेच. पहिल्या नजरेला ते सुंदर दिसते आणि तिथेच आपण फसतो, कारण तो रंग सॉफ्टवेअरने भरलेला आहे. धातूने लिहिलेला मजकूर त्या रंगाच्या आत, अंशाच्या दहाव्या-पन्नासाव्या भागात दडलेला असतो. तो वाचायचा तर एका चित्रावर थांबून भागत नाही. सेकंदाला शंभर-दोनशे चित्रे, अशी तासाभराची मालिका वाचावी लागते.

बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, थर्मोग्राफी, म्हणजे उष्णताचित्रण, कोणाला नवी नाही. एजन्सीचा माणूस कॅमेरा घेऊन येतो, इलेक्ट्रिकल पॅनेलची दारे उघडायला लावतो, लूज झालेला लग, जास्त लोड घेणारी फेज, तापलेले बेअरिंग असे सगळे टिपतो आणि लाल डागांचा रिपोर्ट देऊन जातो. मेन्टेनन्सवाले त्या रात्री किंवा पुढच्या शटडाऊनला बोल्ट आवळतात. तिथले वाचन सोपे आहे: गरम म्हणजे बिघाड, आणि जितके गरम तितका मोठा. फटीगचे चित्र या सवयीने वाचले तर हाती काही लागत नाही. तिथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते तेव्हा चित्र जवळजवळ बदलतच नाही.

सळई बांधणारा कामगार पकड हाताशी नसली की बाइंडिंग वायर कशी तोडतो ते पाहावे. एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे वाकवतो, आणि तार तुटते. तुटण्याच्या जरा आधी ती जागा ओठाला लावली तर चटका बसतो. फटीगची सगळी उष्णता या कृतीत आहे, फक्त ती इथे दहा-बारा वाकवण्यांत कोंबलेली आहे. पंपाच्या शाफ्टमध्ये किंवा रेल्वेच्या अ‍ॅक्सलमध्ये तेच काम लाखो, कोट्यवधी फेऱ्यांवर पसरलेले असते, तेही इतक्या कमी ताणाखाली की डोळ्याला धातू वाकतो आहे असे वाटतही नाही. एकेका फेरीच्या वाट्याला येणारी ऊब अगदी नगण्य. ती पाहायला थंड डोळा लागतो, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे: चांगल्या कॅमेऱ्यातला इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक उणे १९६ अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात, म्हणजे स्वतःच्याच उबेने त्याची नजर धूसर होत नाही. असा कॅमेरा अंशाचा पन्नासावा भाग ओळखतो.

या मालिकेत दोन प्रकारची उष्णता एकीवर एक लिहिलेली असते. त्या सुट्या करता आल्या की वाचनाला सुरुवात झाली असे समजावे.

पहिली उष्णता परत फिरणारी आहे. धातू ताणला की किंचित थंड होतो, दाबला की किंचित गरम. भार काढला की पुन्हा होता तसा. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५० च्या दशकात हे गणिताने मांडले आणि जेम्स जूल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ते मोजून दाखवले. पोलादावर १०० मेगापास्कलचा, वर्कशॉपच्या भाषेत चौरस मिलिमीटरला साधारण दहा किलोचा, ताण आला तर तापमान उतरते ते अंशाच्या दहाव्या भागाने. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हाच फरक जवळजवळ तिप्पट. यंत्र सेकंदाला वीस वेळा ओढत-दाबत असेल तर पट्टीही सेकंदाला वीस वेळा थंड-गरम होत राहते. यात धातूचे काहीच बिघडत नाही. जे जाते ते परत येते.

तरी ही उष्णता दुर्लक्ष करण्याजोगी नाही. उलट या सगळ्या प्रकारातली देखणी पाने इथेच सापडतात. मधोमध गोल भोक पाडलेली पट्टी ओढली तर काय होते याचे गणित जर्मन अभियंता गुस्टाव्ह किर्श यांनी १८९८ मध्ये दिले होते: भोकाच्या दोन्ही कुशींवर ताण तिप्पट होतो, आणि ओढण्याच्या दिशेला असलेल्या वरच्या-खालच्या कडांवर तो चक्क उलटा, दाबाचा होतो. पट्टी ओढली जात असताना तिच्या एका भागावर दाब यावा हे मनाला पटत नाही. कॅमेऱ्याखाली ते दिसते. कुशी तिप्पट थंड होतात आणि त्याच क्षणी वरची-खालची कड किंचित गरम होते. यंत्राने दिशा बदलली की दोन्ही अदलाबदल करतात. पाठ्यपुस्तकात ज्यावर परीक्षेपुरता विश्वास ठेवला होता तो ‘तीन’ हा आकडा भोकाच्या कडेला हलताना पाहणे हा मोठा आनंद आहे. चिंचणी-डहाणू पट्ट्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे डाय पोलादात कोरणारे कारागीर आहेत. घाव सोसणाऱ्या डायमध्ये तडा जातो तो बहुधा नक्षीच्या एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यातून, आणि त्यामागे किर्शचेच गणित आहे: भोकाऐवजी टोकदार कोपरा आला की तीनचे आणखी कितीतरी होतात.

दुसरी उष्णता परत फिरत नाही. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की धातूच्या काही मोजक्या कणांत, सगळ्या नव्हे, अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. जेम्स इविंग आणि जे. सी. डब्ल्यू. हम्फ्री यांनी १९०३ मध्ये स्वीडिश लोखंडावर सूक्ष्मदर्शकाखाली या घसरणीच्या रेषा पाहिल्या. फेऱ्या वाढतील तशा त्या रुंद होत गेल्या आणि शेवटी त्यांतल्याच काहींचे तडे झाले. प्रत्येक घसरणीत थोडे घर्षण, थोडी ऊब. ही ऊब ओढतानाही सुटते आणि दाबतानाही. म्हणून ती एका फेरीत दोनदा येते. पहिली उष्णता सेकंदाला वीस वेळा धडधडत असेल तर दुसरीची धडधड चाळीसच्या ठेक्यावर असते, आणि शिवाय ती साठत जाऊन पट्टीचे सरासरी तापमान हळूहळू वर नेते. दुप्पट ठेक्यावरचा हा क्षीण आवाज गणिताने वेगळा काढणे ही अलीकडच्या अभ्यासकांची आवडती कसरत आहे. मला सरासरीची वाट जास्त आवडते. तिला फार हुशारी लागत नाही, धीर लागतो.

सरासरी तापमानाचा आलेख फेऱ्यांसमोर मांडला की तीन भाग पडतात. सुरुवातीला तो झपाट्याने चढतो. मग सपाट होतो, आणि बराच काळ, नमुन्याच्या आयुष्याचा बहुतांश भाग, सपाटच राहतो. शेवटी पुन्हा एकदम उसळी घेतो, कारण आता तडा मोठा झालेला असतो आणि त्याच्या टोकाशी धातू खरोखर लवत असतो. त्या क्षणाचे चित्र नाट्यमय असते: पिवळा डाग पांढरा होतो, आडवा पसरतो आणि पट्टीचे दोन तुकडे होतात. व्याख्यानांत हीच चित्रफीत दाखवतात. प्रेक्षक खूश होतात.

माझे मत वेगळे आहे. हा शेवट या चित्रमालिकेतला सगळ्यात उथळ भाग आहे. तो पाहायला कॅमेऱ्याचीही गरज नाही. त्या अवस्थेतला तडा डाय पेनेट्रंटचा लाल रंग फासला तरी दिसतो. वाचण्याजोगा आहे तो मधला सपाट भाग. तिथे तापमान स्थिर आहे याचा अर्थ आत शांतता आहे असा नाही. आत दर सेकंदाला जितकी ऊब निर्माण होते तितकीच जबड्यांतून आणि हवेतून बाहेर जाते, म्हणून रेघ सपाट. रेघेची उंची म्हणजे घसरणीचा वेग. भार जरा वाढवला की नवी रेघ, जरा वरच्या पायरीवर. आणि ही उंची आयुष्याशी बांधलेली आहे: सिसिलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या रिसितानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एका विशिष्ट पोलादासाठी तापमानाच्या या आलेखाखालचे क्षेत्रफळ, भार मोठा असो की मध्यम, जवळजवळ तेवढेच भरते. उंच रेघ असेल तर ती लवकर संपते, बुटकी असेल तर लांब चालते. प्रत्येक नमुना सारखी रक्कम घेऊन आलेला, खर्चायचा वेग तेवढा वेगळा.

आता या चित्रात काय दिसत नाही ते सांगायला हवे, कारण माझ्या मते खरा अर्थ तिथे आहे. धातू विकृत करण्यासाठी जे काम करावे लागते त्याचे सगळे उष्णतेत रूपांतर होत नाही. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी आधी विल्यम फॅरन यांच्याबरोबर १९२५ मध्ये आणि मग एच. क्विनी यांच्याबरोबर १९३४ मध्ये हे काळजीपूर्वक मोजले: साधारण नव्वद टक्के उष्णता होऊन बाहेर पडते आणि उरलेला थोडा भाग धातूतच राहतो, अणूंच्या बिघडलेल्या रांगांत अडकून. टेलर-क्विनींची मोजणी एकाच दिशेच्या मोठ्या विकृतीची होती; फटीगमध्ये हे प्रमाण फेऱ्यांबरोबर बदलत जाते. पण मुद्दा तोच. धातूला मारणारी ऊर्जा ही राहून गेलेली ऊर्जा आहे. कॅमेरा पाहतो ती निघून गेलेली.

म्हणजे या देखण्या चित्रात जे दिसते ते नुकसान नव्हे, नुकसान करताना सांडलेले आहे. जे साचले ते चित्राबाहेर. अभ्यासक दोघांचा हिशेब मांडतात: यंत्राने घातलेले काम मोजायचे, चित्रावरून गेलेली उष्णता काढायची, वजाबाकी करायची. उत्तर दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक असतो आणि म्हणून चुकायला सोपे. पण एकदा हे ध्यानात आले की सपाट रेघेकडे पाहण्याची नजर बदलते. एखाद्या कथेत पात्र जे बोलत नाही त्यावर कथा उभी असते, तो प्रकार इथे भौतिकशास्त्राच्या नियमाने घडतो.

धातूचा थकवा मोजण्याचा हा उद्योग कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासांहून जास्त माणसे गेली; त्यांत दक्षिण ध्रुवाकडच्या सफरी करून सुखरूप परतलेले दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिलही होते. अ‍ॅक्सल ओव्हरलोड नव्हता. तो फक्त फार वेळा फिरला होता. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने अ‍ॅक्सल वर्षानुवर्षे फिरवून-वाकवून आलेख काढले आणि दाखवले की पोलादाला एक मर्यादा असते; ताण तिच्याखाली ठेवला तर ते टिकते. ही मर्यादा शोधण्याची व्होलरची पद्धत आजही प्रमाण मानतात आणि ती फार वेळखाऊ आहे. सेकंदाला वीस फेऱ्या धरल्या तर एक कोटी फेऱ्यांना जवळजवळ सहा दिवस लागतात. हे एका नमुन्याचे. असे पंधरा-वीस नमुने हवेत.

म्हणून लोक उष्णतेकडे वळले. सी. ई. स्ट्रोमेयर हे मँचेस्टरच्या वाफ-वापरकर्त्यांच्या संघाचे मुख्य अभियंता. बॉयलर फुटू नयेत हे त्यांचे रोजचे काम. त्यांनी १९१४ मध्ये नमुन्याभोवती पाणी खेळवले, पाणी किती तापते ते संवेदनशील थर्मामीटरने पाहिले, आणि ताण वाढवत नेताना कुठल्या पायरीपासून पाणी तापू लागते ती पायरी म्हणजे मर्यादा असे धरले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मूर आणि कोमर्स यांनी १९२० च्या सुमारास हाच विचार तापमानवाढीच्या झटपट चाचणीत वापरला. कल्पना पूर्ण होती. डोळा तेवढा नव्हता: थर्मामीटर सगळ्या नमुन्याची मिळून एक ऊब सांगतो, कुठल्या जागेची ते सांगत नाही.

तो डोळा आल्यावर पॅरिसजवळच्या एकोल पॉलितेक्निकमधले मिन्ह फाँग लुआँग यांनी १९९५ मध्ये ‘न्यूक्लिअर इंजिनिअरिंग अँड डिझाइन’ या नियतकालिकात धातूंच्या फटीगचा उष्ण-कॅमेऱ्याने घेतलेला वेध प्रसिद्ध केला. नियतकालिक अणुऊर्जेच्या रचनाकारांचे होते हे मला सूचक वाटते. थकलेल्या धातूची काळजी ज्यांना सगळ्यात जास्त त्यांच्याच टेबलावर तो गेला. लुआँग यांची रीत अशी: एकच नमुना, भार पायरीपायरीने वाढवत न्यायचा, प्रत्येक पायरीवर सपाट रेघ येईपर्यंत थांबायचे, तिची उंची टिपायची. मग भारासमोर या उंच्या मांडायच्या. सुरुवातीचे बिंदू जवळजवळ आडव्या रेषेवर बसतात, पुढचे तीव्र चढणाऱ्या रेषेवर. दोन्ही रेषा जिथे मिळतात तो भार म्हणजे फटीगची मर्यादा. प्रत्येक पायरीला दहा हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला वीसने आठ-साडेआठ मिनिटे; दहा पायऱ्यांचे काम दीड तासात. ला रोसा आणि रिसितानो यांनी २००० साली हीच वाट थोड्या वेगळ्या हिशेबाने पक्की केली. महिन्यांचे काम दीड तासावर आले म्हटल्यावर कोणाही अभियंत्याचे डोळे चमकतात. मला त्या दोन रेषांमधला मोड आवडतो. आलेखावर तो कोपरा टोकदार काढतात. प्रत्यक्षातले बिंदू तिथे नेहमी जरा गोलाई घेतात, आणि रेषा नेमकी कुठून वळवायची हे शेवटी माणूसच ठरवतो.

चित्र चांगले यावे म्हणून जी पूर्वतयारी करतात ती अगदीच साधी. घासून चकचकीत केलेले स्टेनलेस स्टील स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्याची परतवते. रंग न लावता चित्र घेतले तर पट्टीवर ऑपरेटरचाच चेहरा उमटतो. म्हणून मॅट काळ्या रंगाचा पातळ हात मारतात. रंग जाड झाला तर तोच उष्णता अडवतो. मग सुरुवातीच्या चित्रातला तो खालचा, कमी गडद जबडा. हायड्रॉलिक यंत्रात तेल तापते, तेलाने खालचा दांडा तापतो आणि ती ऊब नमुन्यात खालून चढते. मध्यापासून जरा खाली सरकलेला पिवळा डाग धातूच्या थकव्याचा असेल, किंवा तेलाचा. हे ठरवायला शेजारी त्याच धातूचा भार नसलेला नमुना टांगतात आणि त्याचे तापमान वजा करतात. ज्या चित्रात असा शेजारी दिसत नाही त्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. रंगपट्टीबद्दलही हट्ट आहे. इंद्रधनुषी रंगांत हिरव्यातून पिवळ्यात जाताना डोळ्याला जी सीमा दिसते ती धातूत नसते. करड्या छटांत चित्र कमी बोलते आणि खरे बोलते. छपाईला मात्र कोणी ते देत नाही.

प्रत्येक मिश्रधातूचे हस्ताक्षर वेगळे. अ‍ॅल्युमिनियम उष्णता इतक्या चटकन वाहून नेते की घसरणीची जागा कळायच्या आत ऊब सगळ्या पट्टीभर पसरलेली असते; शिवाय त्याला व्होलरची ठाम मर्यादाही नाही, त्यामुळे दोन रेषांची रीत तिथे अवघडते. साधे कार्बन पोलाद मधले, समंजस. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत, म्हणजे २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत, प्राथमिक पाइपिंगला अशाच जातीचे, एसए-३३३ ग्रेड ६, पोलाद आहे. स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची ताकद कार्बन पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणून त्याचे डाग रेखीव, जागच्या जागी. वाचकाला ही मोठीच सोय. पण ३०४ जातीचे स्टेनलेस लहरी आहे. वारंवार विकृत होताना त्याच्या आतली रचनाच काही ठिकाणी बदलते, चुंबकाला न चिकटणारे पोलाद थोडे चिकटू लागते, आणि त्या बदलाचीही स्वतःची ऊब असते. सपाट रेघ मग सपाट राहत नाही. मध्येच दुसऱ्यांदा चढते. नवशिक्याला वाटते नमुना तुटायला आला. तो नुसता बदलत असतो. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात त्याच घराण्यातल्या ३१६ जातीच्या स्टेनलेसच्या ताण-चाचण्या उष्ण-कॅमेऱ्याखाली झाल्या आहेत.

३०४ चे नाव निघाले की तारापूरच्या पहिल्या दोन संचांकडे वळावे लागते. जनरल इलेक्ट्रिकने दिलेल्या उकळत्या पाण्याच्या या अणुभट्ट्या १९६९ पासून चालल्या, वीजनिर्मितीसाठीच्या देशातल्या पहिल्या. वाफ-जनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर १९८० च्या दशकात त्यांची क्षमता प्रत्येकी २१० वरून १६० मेगावॅटवर आणली गेली. त्या पिढीच्या जगभरच्या अशा भट्ट्यांना स्टेनलेसच्या पाइपांत वेल्डलगत तडे जाण्याचा विकार जडला, आणि २०२० मध्ये तारापूरचे दोन्ही जुने संच पुनरभिसरणाचे पाइपिंग बदलण्यासाठी थांबवले गेले. तडा म्हटले की हात लगेच फटीगच्या खात्याकडे जातो. हा विकार वेगळा. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूच्या कणांच्या सीमेवरचे क्रोमियम कमी होते, वेल्ड आवळताना राहिलेला ताण असतो आणि २८५ अंशांच्या आसपासचे, ऑक्सिजन विरघळलेले पाणी असते; तिघे मिळून सीमासीमांनी तडा पुढे नेतात. फेऱ्यांची गरज नाही. ओढ कायम असली की पुरते. त्यामुळे आपली सपाट रेघ या विकाराबद्दल काहीही सांगत नाही.

आणि चालू पाइपावर कॅमेरा रोखून उपयोगही नाही. बाहेर इन्सुलेशन, आत तीनशे अंशांच्या घरातले पाणी, त्यात अंशाच्या दहाव्या भागाचा चढउतार शोधायचा. तिथे यूटी चालते, अल्ट्रासॉनिक प्रोब वेल्डवर फिरवून. भाभा अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्राबरोबर तर पूर्ण आकाराच्या पाइपांना आणि एल्बोंना मुद्दाम खाच पाडून हजारो फेऱ्यांत तडा कसा वाढतो ते पाहिले. हेतू हा की पाइप फुटण्याच्या कितीतरी आधी तो गळेल याची खात्री रचनेत बांधता यावी. उष्णताचित्राची जागा याच्याही आधीची आहे: कुठले पोलाद, कुठला वेल्ड, कुठला कोपरा किती सोसेल ते प्रयोगशाळेत ठरवण्याची.

फटीगने अणुवीज केंद्रात काय होऊ शकते याचे आपल्याकडचे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या संचाच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. फिरणाऱ्या रोटरचा तोल गेला, कंपनांनी हायड्रोजनची सीलबंदी निकामी झाली, आग लागली, केबल जळाल्या आणि संच सतरा तास विजेविना राहिला. अणुभट्टी वेळेवर बंद केली गेली म्हणून पुढचे टळले. थकव्याने तुटलेल्या पृष्ठावर तडा टप्प्याटप्प्याने सरकल्याच्या कमानी उमटतात, चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीने मागे ठेवलेल्या ओळींसारख्या. धातुतज्ज्ञ त्यांना बीच मार्क म्हणतात आणि त्या वाचून इतिहास सांगतात. ते वाचन शवविच्छेदनाचे. सपाट रेघेचे वाचन धातू जिवंत असतानाचे, हा तिचा मोठेपणा मी कमी लेखणार नाही.

मात्र तिच्या भक्तांशी एक भांडण उरते. दोन रेषा मिळतात त्या बिंदूला ‘मर्यादा’ म्हणताना आपण व्होलरचा शब्द प्रमाण मानतो, आणि तोच शब्द आता डळमळीत आहे. क्लोद बातिया या फ्रेंच संशोधकाने १९९९ मध्ये आपल्या निबंधाला शीर्षकच असे दिले की धातूंना अमर्याद फटीग-आयुष्य नसते. एक कोटी फेऱ्यांशी थांबलेले आलेख शंभर कोटींपर्यंत नेले तर, विशेषतः उच्च ताकदीच्या पोलादांत, मर्यादेखालचे नमुनेही तुटताना दिसतात, आणि तिथे तडा पृष्ठभागावर सुरू न होता आत, एखाद्या बारीक अशुद्धीपाशी सुरू होतो. कॅमेरा पृष्ठभाग पाहतो. आत खोल दडलेल्या कणाची ऊब बाहेर येईपर्यंत सगळीकडे सारखी वाटली गेलेली असते, आणि तो कण दहा-वीस मायक्रॉनचा असला तर दीड तासाच्या पायऱ्यांत त्याची दखलही लागत नाही.

शंभर कोटी हा आकडा कागदी वाटू शकतो. विरार ते डहाणू रोड सुमारे ६४ किलोमीटर. लोकलच्या चाकाचा घेर तीन मीटरच्या आसपास, म्हणजे एका खेपेत अ‍ॅक्सल एकवीस हजारांच्या वर वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्याच्या पृष्ठभागाची प्रत्येक जागा डब्याच्या वजनाखाली एकदा ओढली, एकदा दाबली जाते. दिवसाला अशा आठ खेपा धरल्या तर शंभर कोटी फेऱ्या सोळा वर्षांत पुऱ्या होतात. त्यानंतरही तो अ‍ॅक्सल गाडीखाली असू शकतो, यूटी करून, तपासून, पुन्हा बसवलेला.